कोयता, पोरं आणि फ्लेक्सवरची खालची रांग

पुण्याबाहेरचे नातेवाईक फोनवर विचारतात ना, काय रे तुमच्याकडे ती कोयता गँग, घराबाहेर पडता की नाही, तेव्हा पहिलं सांगावं लागतं की कोयता गँग नावाची एक गँग पुण्यात नाहीच. तिचा म्होरक्या नाही, अड्डा नाही. असती तर बरंच झालं असतं, पोलिसांनी दोनचार महिन्यांत उचलून आत टाकली असती आणि विषय संपला असता. जे आहे ते म्हणजे हडपसर, बिबवेवाडी, अप्पर, धनकवडी, वारजे, येरवडा असं सगळीकडे पसरलेली चारपाच-चारपाच पोरांची टोळकी, एकमेकांना न ओळखणारी, बरीचशी मिसरूडही न फुटलेली, आणि सगळ्यांच्या हातात एकच वस्तू. पेपरवाल्यांनी नाव पाडलं, 2022 च्या डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात अजित पवारांनी (तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते) विषय काढला, आणि मग प्रत्येक मारामारी कोयता गँगच्या खात्यावर जमा व्हायला लागली. गंमत म्हणजे नाव मिळाल्यावर पोरांनाही ते आवडलं.

आता हे पण सांगतो की कोयत्याच्या सगळ्या बातम्या एका पोत्यात भरून चालत नाही. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका मुलीच्या मागे एक पोरगा कोयता घेऊन धावला आणि तिथल्या एमपीएससी करणाऱ्या पोरांनी मधे पडून तिला वाचवलं, ती गोष्ट एकतर्फी प्रेमाची होती, नकार पचत नाही त्याची. जानेवारी 2025 मध्ये येरवड्यात एका कंपनीच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्याने बाईवर वार केले, पैशाच्या देण्याघेण्यावरून, बघे मोबाईल काढून उभे राहिले आणि तिचा जीव गेला. सप्टेंबर 2024 मध्ये नाना पेठेत माजी नगरसेवकाचा खून झाला, त्यात पिस्तूलही होतं आणि कोयतेही, ते जुनं टोळी-प्रकरण. तिन्हीची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. मला बोलायचंय ते चौथ्या प्रकाराबद्दल, जो रोजचा आहे, पेपरात आतल्या पानावर चार ओळीत येतो, सोळासतरा वर्षांची पोरं रात्री गाड्या फोडतात, हॉटेलवाल्याला धमकावतात, आणि एक दिवस त्यांच्यातलंच एखादं पोरगं दुसऱ्याच्या डोक्यात वार करतं.

आमच्या भागात गाड्या फोडल्या तेव्हा रात्रीचे दीड-दोन वाजले असतील. दोन बाईकवर ट्रिपल सीट, तोंडाला रुमाल, शिव्या आणि काचांचा आवाज, पाच मिनिटात खलास. सकाळी खाली उतरलो तर रस्ताभर काचा आणि लोक आपापल्या गाडीभोवती उभे. कारवाल्यांचं एक वेळ ठीक आहे, इन्शुरन्स कंपनीला फोन लावायला लागले. पण एक रिक्षावाले काका होते, त्यांची पुढची काच गेलेली आणि वरचं रेक्झिन कोयत्याने उभं चिरलेलं, आतला फोम बाहेर आलेला, आणि त्यांचा इन्शुरन्स थर्ड पार्टी, म्हणजे भरपाई शून्य. ते फोम हाताने आत दाबत होते आणि पुन्हा बाहेर येत होता. पंचनामा करायला आलेल्या हवालदाराने विचारलं कुणावर संशय, तर म्हणाले, साहेब मला काय माहीत, माझं कुणाशी काय वाकडं नाही. खरंच नव्हतं. नंतर कळलं ते असं की शेजारच्या गल्लीतल्या एकाने आमच्या गल्लीतल्या एकाच्या इन्स्टा स्टोरीवर काहीतरी टाकलं होतं, त्याचा हिशेब आमच्या गाड्यांवर निघाला. "इथला भाई कोण" हा एकच प्रश्न होता आणि उत्तर द्यायला रिक्षा सापडली.

यातल्या एकाला मी लहानपणापासून ओळखतो. नाव-गाव काही देत नाही, थोडे तपशील बदललेत. सकाळी दुधाच्या पिशव्या टाकायचा, दारात आला की "काका, उद्या सुट्टे द्या" म्हणायचा. कोरोनात शाळा बंद पडली तेव्हा सातवीत होता, घरी एक मोबाईल आणि तो आईच्या कामावर, ऑनलाईन शाळा म्हणजे काय ते त्याने पाहिलंच नाही, शाळा उघडली तेव्हा एकदम नववीत बसवला आणि त्याला काही वाचता येईना. वर्गात चेष्टा झाली, मग जाणं सुटलं. माझं असं मत आहे की 2022-23 ला जी लाट आली तिच्यात या सुटलेल्या दोन वर्षांचा वाटा मोठा आहे, त्यावर कुणी बोलतच नाही, सगळे इन्स्टाग्रामला शिव्या देऊन मोकळे होतात. तर हा पोरगा नंतर चौकात भेटला तेव्हा मी सरळ विचारलं, तू पण ठेवतोस का रे. तो हसला, मग म्हणाला, "काका, नाय ठेवला तर कुणी पण येऊन टपली मारून जातं. ठेवला की माहीत असतं ना सगळ्यांना." मी म्हटलं आणि समोरच्याने पण ठेवला असेल तर? तर म्हणे, "मग आपण आधी."

हे "मग आपण आधी" माझ्या डोक्यातून जात नाही. कारण कोयता जवळ बाळगणारी निम्मी पोरं स्वतः घाबरलेली असतात, हे बाहेरून दिसत नाही, बाहेरून फक्त माज दिसतो. शर्टाखाली पाठीमागे खोचलेली ती वस्तू त्याला आधी धीर देते, मग घराबाहेर पडताना तिच्याशिवाय चुकल्यासारखं वाटायला लागतं, आणि मग साधा धक्का लागला, साधं "काय बघतो" झालं तरी हात तिकडेच जातो. जिथे आधी कानशिलात बसून संपलं असतं तिथे आता टाके, आयसीयू आणि तीनशे दोन. (म्हणजे खुनाचं कलम. आता तीनशे दोन नाही, नवीन कायद्यात एकशे तीन आहे, पण वस्तीत अजून तीनशे दोनच चालतं.)

तुम्ही म्हणाल मग कोयत्यावरच बंदी आणा. कशी आणणार सांगा. शहाळेवाल्याकडे तो आहे, खाटकाकडे आहे, आणि उसाच्या फडात तर सगळं कामच त्याच्यावर चालतं, मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्यामागे म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे. चारपाचशेच्या आत मिळतो, लाकडी मूठ, टोकाला चोचीसारखं वळलेलं जाड पातं, उसाची दोन कांडी एका फटक्यात तुटावी म्हणून बनवलेली वस्तू आहे ती, माणसाच्या हाडाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पोलिसांनी 2023 च्या सुरुवातीला करून पाहिलं, बोहरी आळीतल्या दुकानातून शंभरावर कोयते जप्त केले, दुकानदारांना सांगितलं की घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा. चांगला प्रयत्न होता, पण पोरं दुकानातून घेतातच कुठे, लोहाराकडून घेतात, गावाकडून आणतात, एकमेकांना देतात. आणि कायद्यातही एक भोक आहे. आर्म्स अ‍ॅक्टच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रात धरतात, पण घरगुती, शेती किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली असेल तर नाही. आता कोयता शेतीसाठी नाही तर कशासाठी? म्हणून बातमीच्या शेवटी नेहमी ती लांबलचक ओळ असते, आर्म अ‍ॅक्ट 4(25) आणि महाराष्ट्र पोलीस कायदा 37(1)(3) सह 135, म्हणजे मनाई आदेश मोडल्याचं कलम सोबत जोडलेलं असतं, एक नाही तर दुसरं तरी टिकेल म्हणून. पोरगा जामिनावर बाहेर, केस वर्षानुवर्षं पडून.

आणि त्या पडून असलेल्या केसचं काय होतं माहितीये? एकोणीस वर्षांच्या पोराला कुठल्या मॉलमध्ये, गोडाऊनमध्ये, सिक्युरिटीत नोकरी लागायची असेल तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. तो मिळत नाही. मग उरतं काय? वसुली, प्लॉटिंगच्या ऑफिसबाहेर उभं राहणं, बाउन्सरगिरी. म्हणजे ज्या भाईमुळे अडकला त्याच्याच दारात परत. एकदा सापडलेला पोरगा सुधारायचं म्हणाला तरी आपण त्याला रस्ता ठेवलेला नाही, आणि मग तोच दुसऱ्यांदा सापडला की आपणच म्हणतो, बघा, ही जातच अशी.

भाईचं अर्थकारण कळल्याशिवाय यातलं काही कळत नाही खरं तर. पुणे शहराच्या हद्दीत 2017 ला अकरा गावं आली, 2021 ला तेवीस. शेताचे प्लॉट झाले, प्लॉटचे टॉवर झाले, आणि प्रत्येक टप्प्यावर एक माणूस लागतो जो ताबा मिळवून देतो, कुंपण पाडतो, टँकर कुणाचा येणार आणि भंगार कुणी उचलायचं ते ठरवतो. या माणसाला स्वतः हात घाण करायचे नसतात. त्याला चार पोरं लागतात, शक्यतो अठराच्या आतली. पोरांना मिळतं काय? वडापाव, पेट्रोल, एखादी बाईक फिरवायला, आणि भाईचा हात खांद्यावर असलेला फोटो. बस. खरं सांगतो, एवढ्या स्वस्तात माणूस मिळणारा दुसरा धंदा नसेल.

हा फोटो लागतो कुठे तर फ्लेक्सवर. माझी ही जुनी चीड आहे, सोसायटीतले लोक वैतागतात माझ्यावर, पण एकदा नीट बघा. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, वर पक्षाचे मोठे नेते, मधे गॉगल लावून दादा किंवा भाऊ, आणि खाली शुभेच्छुक म्हणून पासपोर्ट साईजची पोरांची रांग. त्या रांगेत थांबून एकेक चेहरा बघा. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवरचे दोन चेहरे मला पुढे पोलीस स्टेशनच्या बातमीत दिसले. म्हणजे शाळेने ज्याचा फोटो कधी कुठे लावला नाही त्याचा फोटो चौकात दहा फुटांवर लागतो, सगळी वस्ती बघते, आई पण बघते, आणि तो लावणारा एकटा भाई असतो. बेकायदा फ्लेक्स काढा म्हणून हायकोर्टाने 2017 मध्येच निकाल दिलाय. महापालिकेचा अतिक्रमणवाला टपरी उचलतो, पथारी उचलतो, फ्लेक्सजवळून मान खाली घालून जातो. फेब्रुवारी 2021 मध्ये एक गुंड तळोजा जेलमधून सुटला तेव्हा एक्स्प्रेस वेवरून शेकडो गाड्यांची मिरवणूक पुण्यात आली होती, ड्रोनने शूटिंग करून व्हिडिओ फिरवले, आठवतंय ना? तेव्हा दहाअकरा वर्षांची असलेली पोरं आज पंधरा-सोळाची आहेत. आणि आपण विचारतो यांना हे शिकवलं कुणी.

आता समाजाने काय केलं पाहिजे म्हणाल तर समाजाला सध्या धिंड आवडते. आरोपी पोरांना पोलीस त्याच चौकात आणतात जिथे त्यांनी राडा केला, लंगडत चालवतात, हात जोडून माफी मागायला लावतात, आणि लोक गॅलरीतून शिट्ट्या मारतात, व्हिडिओखाली "असाच माज उतरवा साहेब" अशा शेकडो कमेंट. रिक्षावाल्या काकांची ती चिरलेली रिक्षा बघितल्यावर मलाही पहिल्यांदा बरंच वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. पण एक तर कोर्टाच्या आधी शिक्षा द्यायचा अधिकार कुणालाच नाही, आणि दुसरं म्हणजे ती चालत नाही. तोच व्हिडिओ आठवड्याभरात त्या पोराच्या मित्रांनी गाणं लावून, स्लो मोशन करून टाकलेला असतो, खाली "वाघ परत येणार". त्याला हवं होतं सगळ्यांनी बघावं, आपण सगळ्यांनी बघितलं. पोलिसांनी फुकटात त्याचा फ्लेक्स लावून दिला.

दुसरी मागणी असते वय कमी करा, सोळा करा, चौदा करा. याच्यात थोडं थांबून बोलायला हवं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरामधल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करून त्याला प्रौढ म्हणून चालवायचा निर्णय घेऊ शकतं, म्हणजे दार आधीच उघडं आहे. पण अतिगंभीर म्हणजे ज्यात किमान शिक्षा सात वर्षं आहे असा गुन्हा, आणि सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं की किमान शिक्षाच ठरवलेली नसेल तर तो त्यात बसत नाही. त्यामुळे खुनाचा प्रयत्न त्यात येत नाही. सतरा वर्षांच्या पोराने डोक्यात कोयता घातला आणि समोरचा नशिबाने वाचला तर पोरगा बालकच. ही फट बुजवायची तर बुजवा, माझी ना नाही. पण वय चौदा केलं तर भाई तेरा वर्षांचा शोधेल, एवढं गणित त्याला येतं. शिक्षा त्याला वाढवा ना, जो पोराला वापरतो. त्याच कायद्यात मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसासाठी वेगळं कलम आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "विधिसंघर्षग्रस्त बालक", म्हणजे अल्पवयीन आरोपी, "ताब्यात" ही बातमी रोज येते, "त्याला कोयता देणारा ताब्यात" ही तुम्ही शेवटची कधी वाचली?

आणि बाल न्याय मंडळाचं नाव निघालंच आहे तर, कल्याणीनगरचा तो मे 2024 चा पोर्शे अपघात. दोघं मेले आणि सतरा वर्षांच्या पोराला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन. नंतर आरडाओरडा झाला, पण पहिला जामीन असा होता. आमच्या दूधवाल्या पोराने मला तेव्हा विचारलं होतं, "काका, आपल्याला पण निबंध देतात का?" मी काय सांगणार.

बाहेर कुणी काय केलं ते बघितलं तर ग्लासगोचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. स्कॉटलंडमधलं शहर, वीस वर्षांपूर्वी युरोपची खुनांची राजधानी म्हणायचे त्याला, पोरं चाकूने एकमेकांची तोंडं फाडायची, पूर्वेकडच्या वस्त्यांत बापाची टोळी तीच पोराची टोळी. 2005 मध्ये तिथल्या पोलिसांनीच हिंसा कमी करायचं एक वेगळं युनिट काढलं. कॅरिन मॅकक्लस्की आणि जॉन कार्नोखन अशी दोन माणसं होती, एक पोलिसांकडची विश्लेषक, एक मुरलेला डिटेक्टिव्ह. त्यांचं म्हणणं असं की साथ आली की आपण फक्त आजारी माणसाला कोंडत नाही, कुठून पसरते ते बघतो, तसंच इथे करायचं. टोळीतल्या पोरांना कोर्टाच्या खोलीत बोलावलं, अटक करून नाही, निरोप पाठवून. पोलिसांनी सांगितलं तुमचे फोटो आहेत, नावं आहेत, पुढचा वार झाला की अख्ख्या टोळीवर येणार. मग डॉक्टर उठला आणि चाकू लागल्यावर तोंड कसं शिवतात ते सांगितलं. मग पोरगा गेलेली एक आई बोलली. आणि शेवटी, हा नंबर, सोडायचं असेल तर फोन करा, काम, ट्रेनिंग, काय लागेल ते बघू. त्याच काळात चाकू बाळगण्याची शिक्षाही वाढवली, म्हणजे नुसतं लाडीगोडी नव्हतं. स्कॉटलंडमध्ये 2004-05 ला 137 खून झाले होते, दहाबारा वर्षांत आकडा साठीच्या आसपास आला. ग्लासगो पुण्यापेक्षा कितीतरी छोटं आहे, तिथे सरकारकडे पैसा आहे, सगळं मान्य. तिकडचं सगळं उचलून इकडे बसवा असं मी म्हणत नाही.

पण त्यातली एक गोष्ट इकडे उद्या सुरू करता येईल. ग्लासगोत हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत माणसं बसतात, त्यातली काही पूर्वी स्वतः टोळीत असलेली, वार लागून आलेल्या पोराशी त्या रात्रीच बोलतात. कारण ती एकच रात्र असते जेव्हा त्याचा माज उतरलेला असतो, आई कॉटशेजारी रडत असते, आणि बाहेर मित्र बदल्याचं ठरवत असतात. आता आपल्या सरकारी हॉस्पिटलचं, ससूनचं बघा. वार लागलेला पोरगा येतो, एमएलसी म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद होते, हवालदार जबाब घेतो, टाके पडतात, डिस्चार्ज. सरकारी हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षक हे पद आधीपासून आहे, पण ते लोक योजनेचे कागद आणि बेवारस पेशंट यातच बुडालेले असतात. तिथे रात्रपाळीला दोन माणसं बसवायला किती पैसे लागतात? एका मोठ्या चौकातल्या कॅमेऱ्यांपेक्षा कमीच असतील. आणि पुढचा वार कुठे होणार हे पुण्यात कुणाला आधी माहीत असेल तर त्या कॉटवरच्या पोराला.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गाड्या फोडल्यानंतर जे ठरलं ते म्हणजे गेट उंच करायचं, कॅमेरे वाढवायचे, वस्तीच्या बाजूचा जिना रात्री बंद. झालं सगळं. रिक्षावाले काका वस्तीत राहतात, त्यामुळे त्यांची रिक्षा आता गेटच्या बाहेर लागते.

म्हणून मी आता मंडळाच्या मागे लागलोय. आमच्या गणपती मंडळाला दर वर्षी वर्गणी बरी जमते, मंडपाशेजारी मंडळाची खोली आहे, वर्षातले अकरा महिने तिथे कॅरम आणि कुलूप. म्हटलं संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवा, दहावी बाहेरून द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून द्यायला एक माणूस बसू दे, दोन मास्तर मी आणतो, रिटायर्ड आहेत, फुकट यायला तयार आहेत. आणि या वर्षीच्या फ्लेक्सवर अठराच्या आतल्या कुणाचा फोटो नको, फारच हौस असेल तर ज्याने ढोल वाजवला त्याचा लावा. खोलीला अध्यक्ष हो म्हणाले लगेच. फ्लेक्सचं म्हणाले, "दादांशी बोलावं लागेल, वर्गणीतला मोठा आकडा त्यांचाच असतो." रविवारी पुन्हा बैठक आहे, दादा स्वतः येणार आहेत म्हणे.